विमानातून मोजलेला ट्रेसर वायू: कच्च्या फाइलपासून लोटाच्या हिशेबापर्यंत

विमान उतरलं की माझ्या हातात दोन वस्तू असतात, एक पेन ड्राइव्ह आणि एक चुरगळलेली वही. पेन ड्राइव्हमध्ये दर सेकंदाचे आकडे असतात. वहीत असतं ते असं: "१४:१२ शिखर, हवा खडबडीत. १४:१९ वर चढलो, बेसलाइन घसरली. १४:२६ शिखराचा माथा सपाट?" नवीन माणूस पेन ड्राइव्ह जपतो आणि वही विमानातच विसरतो. मी आधी वही उचलते. आकड्यांत जे विचित्र दिसतं त्यातल्या निम्म्याचं उत्तर त्या गिचमिड अक्षरात सापडतं.

काम थोडक्यात सांगते. जमिनीवर एका ठिकाणाहून ठरलेल्या वेगाने एक ट्रेसर, म्हणजे माग काढण्यासाठीचा, वायू सोडतात. तो वाऱ्याबरोबर लोटासारखा वाहत जातो आणि पसरतो. या लोटालाच आमच्यात प्लूम म्हणतात. काही किलोमीटर पुढे विमान तो लोट आडवा छेदत पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतं आणि आतलं यंत्र वायूचं प्रमाण नोंदवतं. त्यावरून लोट किती रुंद झाला, कुठे सरकला आणि सोडलेल्यापैकी किती वायू आपल्याला सापडला, हे काढायचं असतं. आलेखावर लोट दिसतो तो एका उंचवट्याच्या रूपात. इंग्रजीत त्याला पीक म्हणतात, पण मराठीत पीक म्हटलं की शेत डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी शिखरच म्हणते.

पुढचं सगळं एका वाक्यात मावतं: शिखराच्या उंचीवर फार विश्वास ठेवू नका, शिखराखालच्या क्षेत्रफळावर ठेवा. यंत्र मंद असेल तर शिखर बुटकं आणि रुंद होतं, नळी लांब असेल तर ते सरकतं, पण क्षेत्रफळ मात्र टिकून राहतं. ज्या दुरुस्त्या क्षेत्रफळालाच हात घालतात, म्हणजे बेसलाइन (लोट नसताना यंत्र दाखवतं तो आकडा), कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या वायूवर यंत्र तपासणं) आणि वारा, त्यांवर सगळा वेळ खर्च करा.

वायू कोणता, यंत्र कसलं

ट्रेसर म्हणून जुना भरवशाचा वायू म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड, एसएफ-६. तो कशाशी प्रक्रिया करत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि अगदी थोडा असला तरी सापडतो. हवेत तो मुळात असतोच. २०२४ च्या सुमारास त्याचं जागतिक प्रमाण ११ ते १२ पीपीटी होतं, म्हणजे लाख कोटी रेणूंत अकरा-बारा, आणि दरवर्षी त्यात ०.३ ते ०.४ पीपीटीची भर पडते. तो मुख्यतः विजेच्या उच्चदाब स्विचगिअरमधून गळतो. त्यामुळे मोठ्या सबस्टेशनच्या वाऱ्याखालून उडालात तर तुम्ही न सोडलेलं शिखरही दिसू शकतं. नकाशावर सबस्टेशनं आधीच खुणावून ठेवा.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो एसएफ-६ म्हणजे सुमारे २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइड. सेकंदाला ५ ग्रॅम या वेगाने चार तास सोडला तर ७२ किलो होतात, म्हणजे जवळपास १,७०० टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीने. म्हणून लांब पल्ल्याच्या प्रयोगांत परफ्लुओरोकार्बन वापरतात. त्यांचं हवेतलं मूळ प्रमाण पीपीटीच्या शंभराव्या भागाच्या घरात असल्याने थोड्या वायूत काम भागतं. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपातल्या ईटेक्स प्रयोगात फ्रान्समधल्या माँतरफीलहून असा ३४० किलो वायू सुमारे बारा तासांत सोडला होता आणि १७ देशांतल्या १६८ केंद्रांवर त्याचा माग काढला होता. परफ्लुओरोकार्बनचे नमुने बहुधा नळ्यांत गोळा करून नंतर प्रयोगशाळेत मोजतात. सेकंदा-सेकंदाला आकडा हवा असेल तर विमानात अजून एसएफ-६ चंच यंत्र सोयीचं.

त्या यंत्राच्या पोटात इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर असतो. किरणोत्सारी स्रोत इलेक्ट्रॉन सोडतो, एसएफ-६ ते गिळतो, विद्युत्प्रवाह कमी होतो आणि तेवढा संदेश मिळतो. अडचण ही की ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन गिळतो. म्हणून हवेत हायड्रोजन मिसळून पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर ऑक्सिजनचं पाणी करतात आणि ते पाणी वाळवून काढतात. हे सगळं दाबावर आणि तापमानावर अवलंबून असतं. विमान चढलं की यंत्राची बेसलाइन हलते, उतरलं की पुन्हा हलते. पुढे बेसलाइनवर मी इतका वेळ का घालवते, ते यावरून कळेल.

एक गैरसमज इथेच मोडून टाकते. एसएफ-६ हवेपेक्षा पाचपट जड आहे, मग तो खाली बसत नाही का, असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतं. सिलिंडरच्या तोंडाशी बसेलही. पण लाख कोटीत पन्नास इतका पातळ झाल्यावर त्याला स्वतःचं वजन उरत नाही, हवेचे भोवरे त्याला नेतील तिकडे तो जातो.

आधी घड्याळं जुळवा

कच्ची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला लिहायची परवानगीच काढून टाका. मग घड्याळांकडे वळा. विमानात किमान तीन घड्याळं असतात: वायू मोजणाऱ्या यंत्राचं, जागा आणि वारा नोंदवणाऱ्या पेटीचं, आणि तुमच्या मनगटावरचं. तिन्ही एकसारखी चालतात असं समजणं हा या कामातला पहिला मूर्खपणा. तो मी केलेला आहे.

आम्ही एकच रेषा पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे अशी आलटून पालटून उडत होतो. दोन्ही फेऱ्यांत लोट जवळपास एकाच जागी दिसायला हवा. नळीतून हवा यंत्रापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पूर्वेकडे जाताना शिखर थोडं जास्त पूर्वेला आणि पश्चिमेकडे जाताना थोडं जास्त पश्चिमेला दिसतं. माझ्या आलेखात नेमकं उलटं होतं. पूर्वेकडे जाताना शिखर पश्चिमेला सरकलेलं, दोन शिखरांत दीड किलोमीटरहून जास्त अंतर. म्हणजे विमान तिथे पोहोचायच्या आधीच यंत्राला वायूचा पत्ता लागत होता! एक अख्खा दिवस मी चिन्हं तपासण्यात घालवला. शेवटी कळलं की जागा नोंदवणारी पेटी कच्ची जीपीएस वेळ लिहीत होती आणि यंत्र यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. २०१७ पासून जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, कारण तिच्यात लीप सेकंद धरत नाहीत. १८ सेकंदांत नळीचा साडेचार सेकंदांचा उशीर उलट दिशेने मिसळला आणि साडेतेरा सेकंद उरले. ताशी २१६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० मीटर वेगाने, ते ८१० मीटर झाले. दोन दिशांचे मिळून १,६२०.

तेव्हापासून विमान सुटायच्या आधी मी तिन्ही घड्याळांचा एकत्र फोटो काढते. त्याला पाच सेकंदही लागत नाहीत.

वेळा जुळल्या की नकली आकडे झाका. वातावरण विज्ञानात वापरल्या जाणाऱ्या आयकार्ट फाइलींत −९९९९ म्हणजे माहिती नाही, −८८८८ म्हणजे यंत्राच्या खालच्या मर्यादेखाली, −७७७७ म्हणजे वरच्या मर्यादेपलीकडे. यातला एक जरी सरासरीत घुसला तर उत्तर हास्यास्पद येतं, आणि ते बरंच, निदान कळतं तरी. घातक असतं ते दहा सेकंदांची सरासरी काढताना एखादा −९९९९ मिसळणं आणि नंतर कुणीतरी सगळ्या ऋण संख्या शून्य करून टाकणं. मग खूण उरत नाही.

नळीतला उशीर

उशीर आधी कागदावर काढा. नळी ६ मीटर लांब, आतला व्यास ४ मिलिमीटर, तर पोटात सुमारे ७५ मिलिलिटर हवा मावते. पंप मिनिटाला एक लिटर ओढत असेल तर हवेला नळी पार करायला साडेचार सेकंद लागतात. तेवढ्यात विमान २७० मीटर पुढे गेलेलं असतं. मग जमिनीवर खरा उशीर मोजा. नळीच्या तोंडाशी सिरिंजने चिमूटभर ट्रेसर सोडा आणि यंत्र कधी जागं होतं ते बघा. कार्बन डायऑक्साइडचं यंत्र असेल तर नुसतं फुंकर मारलं तरी चालतं, उच्छ्वासात तो चार टक्क्यांच्या आसपास असतो.

जमिनीवरचा उशीर आकाशात तसाच राहत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. प्रवाहनियंत्रक जर वस्तुमान स्थिर ठेवत असेल आणि नळीत बाहेरचाच दाब असेल, तर वर हवा विरळ असल्याने नळीत कमी रेणू मावतात आणि उशीर घटतो. ७०० हेक्टोपास्कल दाबाला साडेचार सेकंदांचे तीनच्या थोडेच वर उरतात. म्हणून दोन्ही दिशांच्या फेऱ्या प्रत्येक उंचीवर हव्यात. दोन शिखरांमधलं अंतर भागिले विमानाच्या वेगाची दुप्पट, इतकं साधं गणित. लोट स्वतः इकडेतिकडे डुलत असतो, त्यामुळे एका जोडीवर विसंबू नका. चार-पाच जोड्यांचा मध्यक घ्या आणि वायूच्या वेळेतून तेवढे सेकंद वजा करा.

उशीर वेगळा आणि यंत्राचा मंदपणा वेगळा. मंद यंत्र शिखराला मागच्या बाजूने शेपूट लावतं. गणिताने ते शेपूट कापता येतं, पण त्याबरोबर यंत्राची खरखर, म्हणजे आकड्यांची निरर्थक थरथर, दुप्पट-तिप्पट फुगते. मी शक्यतो त्या फंदात पडत नाही. यंत्राचा कालांक, म्हणजे बदल पकडायला त्याला लागणारा वेळ, २ सेकंद असेल तर ६० मीटर वेगाला त्याने शिखराचा १२० मीटरचा फराटा होतो. लोटाची रुंदी, म्हणजे सिग्मा, खरोखर ६०० मीटर असेल तर ती ६१२ दिसेल, तेवढं चालतं. पण लोटाच्या उगमाजवळ, जिथे सिग्मा १०० मीटर आहे, तिथे ती १५६ दिसेल. तिथे दुरुस्ती करावीच लागते. सोपी रीत म्हणजे मोजलेल्या रुंदीच्या वर्गातून फराट्याचा वर्ग वजा करणं.

बेसलाइन: इथे बसून राहा

उड्डाणाच्या आधी, मध्ये आणि नंतर यंत्राला शुद्ध हवा आणि माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू पाजलेला असतो. दोन कॅलिब्रेशनांच्या मध्ये यंत्राची संवेदनशीलता सरळ रेषेत बदलली असं धरा. फरक पाच टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर मोठ्या प्रमाणाला सरळ रेषेत उत्तर देत नाही, म्हणून दोन बिंदूंवर भागवू नका, चार-पाच वेगवेगळ्या प्रमाणांचे सिलिंडर लावा.

यानंतर बेसलाइन. संगणकाला सांगितलं की "दर मिनिटातला सर्वांत खालचा पाच टक्के भाग बेसलाइन समज", तर तो आज्ञाधारकपणे समजेल आणि लोट खाऊन टाकेल. लोट ३ किलोमीटर रुंद असेल तर विमान त्यात ५० सेकंद असतं, त्या मिनिटात लोटाबाहेरचं जवळपास काहीच नसतं. लांबवर लोट २० किलोमीटरचा झाला की साडेपाच मिनिटं जातात. म्हणून मी हे काम हाताने करते. प्रत्येक फेरीसाठी आलेख उघडते, लोटाच्या दोन्ही बाजूंना जिथे नक्की वायू नाही असे तुकडे माउसने खुणावते आणि त्या तुकड्यांतून सरळ रेषा काढते. फार तर दुसऱ्या घाताचा वक्र. त्याच्या पुढे गेलात तर वक्र लोटाच्या पोटात शिरून स्वतःच शिखर बनवतो. चढता-उतरताना मोजलेले तुकडे बाजूला ठेवा, कितीही सुंदर दिसले तरी.

एवढी काळजी कशासाठी, ते आकड्यांत दाखवते. समजा लोट घंटेच्या आकाराचा आहे, सिग्मा ६०० मीटर, शिखर ८० पीपीटीच्या आसपास, क्षेत्रफळ १,२०,००० पीपीटी-मीटर. तुमची बेसलाइन फक्त १ पीपीटीने खाली बसली आणि तुम्ही मध्यापासून दोन्हीकडे ५ किलोमीटरपर्यंत बेरीज घेतली. क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढलं. फार नाही वाटत. पण रुंदी सेकंड मोमेंटवरून काढतात, म्हणजे प्रत्येक बिंदूला मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणतात. दूरच्या त्या एकेका पीपीटीला तिथे प्रचंड वजन येतं. उत्तर येतं ९८७ मीटर. ६०० चे ९८७! शिखराच्या ८० पीपीटीपुढे १ पीपीटी म्हणजे आलेखात डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून रुंदी काढताना बेरजेची हद्द लोट जिथे खरखरीत बुडतो तिथेच संपवा, आणि ताळा म्हणून घंटेचा वक्र बसवून आलेली रुंदीही शेजारी लिहा. दोन्हींत फार तफावत आली तर पुन्हा बेसलाइनकडे.

बेसलाइन वजा केल्यावर काही आकडे ऋण येतील. येऊ द्या. खरखर शून्याच्या वर जितकी असते तितकीच खाली असते. ऋण संख्या शून्य केल्या की फक्त वरची खरखर उरते आणि तुम्ही हवेतून वायू निर्माण करता.

वहीतल्या "माथा सपाट?" या नोंदीचं आता बघू. १४:२६ च्या फेरीत पाच सेकंद आकडा हललाच नव्हता, दशांशापर्यंत तोच. डिटेक्टर भरला होता. कडेच्या उतारांवरून माथा कुठवर गेला असता याचा अंदाज करता येतो, आणि मोह खूप होतो, कारण फेरी अगदी उगमाजवळची आणि दुर्मीळ असते. मी अशा फेरीतून लोटाची जागा घेते, क्षेत्रफळ "किमान इतकं" म्हणून नोंदवते आणि सरासरीत धरत नाही.

पीपीटीतून ग्रॅममध्ये

पीपीटी हे रेणूंचं गुणोत्तर आहे. किती ग्रॅम वायू वाहून गेला हे काढायला हवेची घनता लागते. दाब भागिले (वायुस्थिरांक गुणिले तापमान), एवढंच. ९०० हेक्टोपास्कल आणि २९० केल्विनला एका घनमीटरमध्ये ३७.३ मोल हवा असते. एसएफ-६ चं मोलर वस्तुमान १४६. म्हणजे १ पीपीटी म्हणजे घनमीटरला ५.४५ नॅनोग्रॅम. हा गुणक प्रत्येक उंचीला वेगळा काढा. समुद्रसपाटीचा एकच गुणक सगळीकडे लावलेली फाइल मला दर वर्षी एकदा तरी भेटते.

कार्बन डायऑक्साइडचा लोट मोजत असाल तर बाष्पाची दुरुस्ती विसरू नका. हवेत एक टक्का बाष्प वाढलं की ४२० पीपीएममधले (दहा लाख रेणूंत ४२०) ४ पीपीएम नुसत्या जागा अडवण्याने कमी दिसतात, आणि ते एखाद्या लहान लोटाच्या उंचीइतकं असू शकतं.

वारा

सगळ्यांत जास्त चूक वाऱ्यात दडलेली असते. विमान वारा थेट मोजत नाही. जमिनीच्या मानाने वेगातून हवेच्या मानाने वेग वजा करून उरतो तो वारा. दोन मोठ्या संख्यांतला लहान फरक. नाकाची दिशा फक्त १ अंशाने चुकली तर ६० मीटर वेगाला आडव्या वाऱ्यात १ मीटर प्रतिसेकंदाची चूक येते. वाराच ६ मीटरचा असेल तर ही चूक १७ टक्के झाली. म्हणून लोटाच्या बाहेर, स्थिर हवेत, चारही दिशांना तोंड करून चौकोन उडायला पायलटला विनवा. चारही बाजूंना वारा सारखा आला तर ठीक, नाहीतर फरकावरून दिशेची चूक काढता येते. इंधन जळतं म्हणून पायलट कुरकुरतात. कुरकुरू द्या.

वाऱ्याच्या दिशेची सरासरी अंशांची बेरीज करून कधीच काढू नका. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा झाला. आधी पूर्व आणि उत्तर घटक काढा, त्यांची सरासरी घ्या, मग हवी तर दिशा काढा. आणि हवामानशास्त्रात दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती, त्यामुळे दोन्ही घटकांना ऋण चिन्ह.

सरासरी वारा मिळाला की जमिनीवरच्या जागा नव्या अक्षांवर फिरवा. एक अक्ष वाऱ्याच्या दिशेने, दुसरा त्याला काटकोनात. बेरीज घ्यायची ती काटकोनातल्या अक्षावर. फेरी वाऱ्याला ९० ऐवजी ७० अंशांत कापत असेल तर खरी रुंदी उडालेल्या अंतराच्या ०.९४ पट, ४५ अंशांत असेल तर ०.७१ पट. मी एकदा सुंदर रुंद लोटाचा आलेख बैठकीत दाखवला आणि मागून एका वयस्कर सहकाऱ्याने विचारलं, "फेरी तिरकी होती का हो?" होती.

हिशेब

आता क्षेत्रफळ, वारा आणि मिश्रथराची, म्हणजे जमिनीलगतची हवा ढवळली जाते त्या थराची, उंची यांचा गुणाकार. दुपारी ऊन चांगलं तापलं असेल तर वायू मिश्रथरात खालपासून वरपर्यंत जवळपास सारखा मिसळतो, पण हे धरून चालू नका. तीन-चार उंचींवर फेऱ्या घ्या आणि बघा. थराचा माथा विमान वर चढताना दिसतो: तापमान उडी मारतं, बाष्प एकदम घटतं, विमानाचा खडखड थांबतो.

सेकंदाला ५ ग्रॅम सोडले होते. क्षेत्रफळ १,२०,००० पीपीटी-मीटर आलं, ते ५.४५ नॅनोग्रॅमने गुणलं, मग ६ मीटर वाऱ्याने आणि १,००० मीटर उंचीने. उत्तर ३.९ ग्रॅम. म्हणजे सोडलेल्यापैकी ७८ टक्के सापडले.

पहिल्यांदा मला असा आकडा आला तेव्हा मी उरलेले २२ टक्के शोधायला निघाले होते. आता आधी अनिश्चितता मांडते. वारा १० टक्के, थराची उंची १५, फेरी-फेरीतला फरक १२, कॅलिब्रेशन ३. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की २२ टक्के. ते ७८ चे २२ टक्के, म्हणजे पट्टा साधारण ६१ ते ९५. शंभर त्या पट्ट्याच्या जेमतेम बाहेर आहे, त्यामुळे वायू हरवला असं छातीठोक म्हणता येत नाही. कॅलिब्रेशनचे ते ३ टक्के बघा आणि बाकीचे बघा. लोक सगळा जीव कॅलिब्रेशनवर ओततात, कारण ते प्रयोगशाळेत बसून करता येतं.

तरीही उत्तर नेहमीच शंभराच्या खाली येत असेल तर मी एक जागा बघते: जमिनीपासून विमानाच्या सर्वांत खालच्या फेरीपर्यंतचा पट्टा. सुरक्षिततेसाठी विमान एका उंचीच्या खाली जात नाही, आणि उगमाजवळ वायू तिथेच दाटलेला असतो.

एक फेरी म्हणजे लोट नव्हे

एक फेरी हा क्षणाचा फोटो. त्या फोटोतला लोट अरुंद आणि खडबडीत असतो, कधी दोन शिखरांचा. पुढच्या फेरीत तो अर्धा किलोमीटर डावीकडे गेलेला असतो. सगळ्या फेऱ्या जागेवरच ठेवून सरासरी काढली तर लोटाची रुंदी आणि त्याचं डुलणं दोन्ही मिसळतात. प्रत्येक फेरीचा मध्य एकावर एक आणून सरासरी काढली तर फक्त रुंदी उरते. दोन्ही काढा. एकेका फेरीची सिग्मा ६०० मीटर आणि मध्यांची विखुरण ४५० मीटर असेल तर एकत्र सिग्मा ७५० येते, वर्गांची बेरीज पुन्हा एकदा.

हे वेगळं न ठेवता लोक आपली रुंदी पास्क्विल-गिफर्डच्या वक्रांशी, म्हणजे अंतराबरोबर लोट किती रुंदावतो हे सांगणाऱ्या ठरावीक आलेखांशी, ताडून बघतात आणि "मॉडेल चुकलं" म्हणतात. त्या वक्रांमागे १९५६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात झालेल्या प्रेअरी ग्रास प्रयोगासारखी मोजमापं आहेत. तिथे सल्फर डायऑक्साइड दहा मिनिटं सोडला आणि ५० ते ८०० मीटरवरच्या कमानींवर मोजला. दहा मिनिटांची सरासरी आणि पन्नास सेकंदांचा फोटो यांची तुलना होत नाही. डुलण्यासकट रुंदी घेऊन मगच तुलना करा, आणि अंतर ८०० मीटरच्या बरंच पुढे असेल तर तीही हात राखून.

कुणी वायू सोडलेलाच नसेल, म्हणजे वणव्याचा किंवा धुराड्याचा लोट असेल, तर कार्बन मोनॉक्साइडला ट्रेसर करतात. तिथे क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढा, बिंदूंतून रेषा बसवू नका. दोन यंत्रांचा मंदपणा वेगळा असतो आणि बिंदू-बिंदूंच्या आलेखात त्यामुळे फासासारखी वळणं येतात. क्षेत्रफळांना त्याचा त्रास होत नाही. वणव्यात कार्बन डायऑक्साइडची वाढ भागिले दोन्ही कार्बन वायूंच्या वाढीची बेरीज ०.९ च्या वर असेल तर बहुतेक ज्वाळा, खाली असेल तर बहुतेक धुमसणं.

शेवटी फाइल द्यायची. मोहिमेतच दिलेल्या घाईच्या फाइलला नावात आर-ए लावा, दुरुस्त केलेल्या पहिल्या फाइलला आर-० आणि पुढे बदल होईल तसे आर-१, आर-२. डोक्यावरच्या ओळींत कोणता उशीर वजा केला, बेसलाइन कशी बसवली, कोणत्या फेऱ्या गाळल्या आणि का, हे सगळं लिहा. माझ्या एका फाइलीत अजून अशी ओळ आहे: "फेरी ७, माथा कापलेला, क्षेत्रफळ किमान. जागा बरोबर. वेळ यूटीसी, तपासलेली, दोनदा."